एल रेनो, 31 मे 2013: 40 मिनिटांचा टोर्नेडो आणि चुकलेली अंतरे

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एल रेनो नावाचे गाव आहे. 31 मे 2013 च्या संध्याकाळी त्याच्या नैर्ऋत्येला शेतजमिनीवर एक टोर्नेडो टेकला, 40 मिनिटे चालला आणि विरला. आजवर नोंदलेल्या टोर्नेडोंमध्ये तो सर्वांत रुंद ठरला: 2.6 मैल, म्हणजे 4.2 किलोमीटर. त्यात 8 माणसे गेली आणि आठही जण गाडीत होते. घरात असलेले कोणी गेले नाही. हे प्रकरण इतक्या बारकाईने पाहायचे ते याच कारणाने.

ठिकाणे, वेळा आणि मोजमापे खरी आहेत. व्यक्तींची आणि वाहिन्यांची नावे वगळली आहेत.

पार्श्वभूमी: त्या दुपारची हवा

आधी शब्दांचा घोळ मिटवलेला बरा. टोर्नेडोला मराठीत घूर्णवाती वादळ म्हणतात. चक्रीवादळ वेगळे. ते समुद्रावर तयार होते, शेकडो किलोमीटर पसरते आणि कित्येक दिवस टिकते. वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते, तिला ढग लागत नाही. टोर्नेडो गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली उतरतो आणि ढगाशी जोडलेला राहतो. ढगाचा आधार सुटला की तो संपतो.

त्या दिवशी मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट हवा ओक्लाहोमावर साचली होती. दवबिंदू, म्हणजे हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, 20 अंश सेल्सियसच्या वर होता. तिच्यावर नैर्ऋत्येच्या पठारांवरून आलेल्या उष्ण, कोरड्या हवेचा थर झाकणासारखा बसला होता. झाकणामुळे दुपारभर ढग वाढू शकले नाहीत आणि खालची हवा तापत राहिली. वर चढणाऱ्या हवेला किती ऊर्जा मिळू शकते, हे हवामानशास्त्रात प्रतिकिलो ज्यूलमध्ये मोजतात. 2500 म्हणजे भरपूर. त्या दुपारी हा आकडा 5000 च्या आसपास होता. असे झाकण उशिरा फुटते तेव्हा अर्ध्या-पाऊण तासात ढग 15 किलोमीटर उंची गाठतात.

नुसत्या ऊर्जेने गारा आणि पाऊस मिळतो, टोर्नेडो नाही. त्यासाठी उंचीनुसार वाऱ्याची दिशा आणि वेग बदलावा लागतो. जमिनीलगत वारा आग्नेयेकडून येत होता, काही किलोमीटर वर तो पश्चिमेकडून आणि कितीतरी जोराने वाहत होता. दोन तळहातांमध्ये पेन्सिल आडवी धरून वरचा हात पुढे सरकवला की पेन्सिल गोल फिरते, तशी दोन थरांमधली हवा आडवी फिरू लागते. वर उसळणारा झोत हा फिरता रूळ मधोमध उचलतो आणि उभा करतो. मग ढगातला झोत स्वतःच फिरू लागतो. त्याचा व्यास साधारण 3 ते 10 किलोमीटर असतो. अशा फिरत्या ढगाला सुपरसेल म्हणतात.

इथपर्यंत येणारे पुष्कळ ढग टोर्नेडो न देताच विरतात. खरी अडचण शेवटच्या किलोमीटरची असते, कारण फिरकी ढगात वर तयार झालेली असते आणि ती जमिनीलगत यायला हवी. ढगाच्या मागच्या बाजूने पाऊस आणि गारांनी थंड झालेली हवा खाली कोसळते आणि फिरत्या झोताभोवती वळसा घेते. ती फार थंड असेल तर जड असते, जमिनीवर पसरते आणि सगळा खेळ मोडते. जेमतेम थंड असेल तर झोत तिला पुन्हा वर खेचतो आणि तिच्यातली फिरकी ताणली जाते. ताणली की ती आवळते, आवळली की वेग वाढतो. त्रिज्या एकदशांश झाली तर वेग ढोबळमानाने दसपट होतो. ढगाचा तळ जमिनीपासून एक किलोमीटरच्या आत असेल तर हे जास्त सहज घडते, कारण दमट हवेत पावसाच्या थेंबांचे बाष्पीभवन कमी असते आणि खाली येणारी हवा फार गार होत नाही.

भोवऱ्याच्या आत दाब घसरतो, हवा थंड होते, वाफेचे थेंब होतात आणि आपल्याला सोंड दिसते. म्हणजे दिसते ते पाणी आणि धूळ. वारा दिसत नाही. घातक वाऱ्याची कड सोंडेच्या बरीच बाहेर असू शकते. या प्रकरणात पुढे जे चुकले, त्याचे मूळ इथे आहे.

बहुतेक टोर्नेडो 10 मिनिटांच्या आत संपतात. रुंदी साधारण 50 ते 100 मीटर, मार्ग काही किलोमीटर. दुसऱ्या टोकाला 18 मार्च 1925 चा टोर्नेडो आहे: मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून 219 मैल, सुमारे साडेतीन तास, 695 मृत्यू. त्यामानाने एल रेनोची 40 मिनिटे आणि 16.2 मैलांचा मार्ग लांबच, पण विक्रमी नाही. रुंदी मात्र नेहमीच्या टोर्नेडोच्या कमीत कमी चाळीसपट होती.

आणखी एक गोष्ट पार्श्वभूमीत धरायला हवी. फक्त 11 दिवस आधी, 20 मे रोजी, त्याच ओक्लाहोमा सिटी महानगर परिसरातल्या मूर शहरावरून टोर्नेडो गेला होता आणि 24 माणसे दगावली होती. घरे पायापर्यंत साफ झालेली लोकांनी पाहिली होती. 31 मे रोजी लोकांनी जे ठरवले, ते हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून ठरवले.

अडचण: एकाच वेळी चार बदल

अंदाजात खोट नव्हती. दुपारी साडेतीनच्या सुमारास टोर्नेडोची शक्यता सांगणारी सूचना निघाली होती आणि तीही सर्वांत कडक शब्दांत. टोर्नेडो टेकण्याआधीच इशाराही दिला गेला होता. तो येणार हे सगळ्यांना माहीत होते. कसा वागेल, हे धरून चालण्यात चूक झाली.

6.03 वाजता तो टेकला. सुरुवातीला रुंद, फिरत्या ढगाखाली दोन-तीन बारीक भोवरे उठत-विरत होते आणि सगळा जथा पूर्व-आग्नेयेकडे बऱ्यापैकी संथ सरकत होता. पुढच्या 20 मिनिटांत चार गोष्टी बदलल्या. तो रुंद झाला. त्याचा पुढे सरकण्याचा वेग वाढून काही काळ ताशी 55 मैलांपर्यंत, म्हणजे 88 किलोमीटरपर्यंत गेला. तो डावीकडे, ईशान्येला वळला. आणि पावसाच्या पडद्याने त्याला वेढले, त्यामुळे तो कुठे संपतो आणि पाऊस कुठे सुरू होतो, हे डोळ्यांना कळेना.

यातला एकेक बदल अनुभवी माणसाला नवा नाही. डावे वळण तर मुरलेल्या टोर्नेडोचे नेहमीचे लक्षण आहे. थंड हवा भोवती गुंडाळली गेली की तो ढगाच्या पुढच्या कडेपासून मागे पडतो आणि डावीकडे ओढला जातो. पण चारही एकत्र आल्यावर हिशेब कसा पालटतो, ते आकड्यांतच बघावे.

समजा, गाडी टोर्नेडोच्या केंद्रापासून 3 किलोमीटरवर, त्याच्या वाटेत उभी आहे. टोर्नेडो 800 मीटर रुंद आणि वेग ताशी 48 किलोमीटर असेल, तर कड 2.6 किलोमीटर दूर आहे आणि ती पोचायला सव्वातीन मिनिटे लागतील. आता केंद्र तेवढ्याच अंतरावर ठेवा. रुंदी 4.2 किलोमीटर आणि वेग ताशी 88 किलोमीटर धरा. कड फक्त 900 मीटरवर आली. हातात उरली 37 सेकंदे. 3 किलोमीटर तेच, आणि सीटचा पट्टा लावायला लागावा एवढाच वेळ उरतो.

पाचवी गोष्ट आतली होती. 4.2 किलोमीटरभर वारा सारखा नव्हता. मोठ्या भोवऱ्याच्या पोटात छोटे भोवरे फिरत होते, रुंदीने काहीशे मीटर किंवा त्याहून कमी. ते क्षणभर जागच्या जागी थबकत आणि लगेच झपाट्याने बाजूला जात. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या फिरत्या रडारने याच छोट्या भोवऱ्यांत ताशी 300 मैलांच्या, म्हणजे साधारण 480 किलोमीटरच्या घरातले वारे मोजले. एका शेतातले पीक आडवे आणि बाजूच्या शेतातला खांब उभा, असे का होते, याचे उत्तर या भोवऱ्यांत आहे.

समोरचे पर्याय

इथे दोन वेगळ्या गटांचे निर्णय पाहावे लागतात. पहिला गट तीन अनुभवी संशोधकांचा. टोर्नेडोच्या वाटेत उपकरणे ठेवून जमिनीलगतचा दाब आणि वारा मोजायचा, हे त्यांचे काम. रडारची किरणे जमिनीच्या अगदी जवळचे थर नीट पाहू शकत नाहीत आणि घरे तर त्याच थरात असतात, म्हणून या मोजमापांचे मोल मोठे. ही माणसे थराराच्या मागे नव्हती, हे स्पष्ट लिहायला हवे.

अशा पथकापुढे तीन जागा असतात. पहिली, टोर्नेडोच्या आग्नेयेला. इथे पाऊस नसतो, दृश्य स्वच्छ असते आणि डावे वळण घेतले तर टोर्नेडो दूर जातो. तोटा असा की उपकरणे वाटेत ठेवता येत नाहीत. दुसरी, टोर्नेडोच्या पुढे, समांतर रस्त्यावर. मोजमापासाठी जागा हीच, पण डावे वळण सरळ अंगावर येते आणि पावसात ते दिसतही नाही. तिसरी, मागे हटून त्या दिवसापुरते मोजमाप सोडून देणे.

रस्त्यांची रचनाही महत्त्वाची ठरली. या भागात दर मैलाला एक रस्ता आहे, सगळे उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम, बहुतेक खडीचे किंवा मातीचे. टोर्नेडो ईशान्येला तिरका जातो, गाडीला मात्र काटकोनातच जावे लागते. टोर्नेडो ताशी 55 मैलांनी तिरका जात असेल, तर त्याच्या बरोबरीने राहायला गाडीला वळणे धरून ताशी 78 मैल, म्हणजे 125 किलोमीटर वेग लागतो. भिजलेल्या खडीवर, मुसळधार पावसात आणि जोराच्या वाऱ्यात कोणत्याही गाडीला हा वेग धरता येत नाही. पथकाकडे त्या दिवशी छोटी सेडान होती.

दुसरा गट ओक्लाहोमा सिटीतल्या शहरवासीयांचा. त्यांच्यापुढे तळघर किंवा जमिनीखालचा निवारा, तळमजल्यावरची मधली बिनखिडकीची खोली, किंवा गाडी काढून निघून जाणे, असे पर्याय होते. तिथल्या बऱ्याच घरांना तळघर नसते. एका दूरचित्रवाहिनीवरून सांगितले गेले की जमिनीखाली जाता येत नसेल तर गाडीने दक्षिणेला निघा. मूरनंतर 11 दिवसांनी हा सल्ला लोकांना पटणे साहजिक होते. घरात बसून राहण्यापेक्षा काहीतरी केल्यासारखे वाटते.

काय केले गेले

वळणाच्या वेळी संशोधकांचे पथक दुसऱ्या जागी होते: टोर्नेडोच्या पुढे, खडीच्या रस्त्यावर, पूर्वेकडे निघालेले. आसपास इतरही बरेच पाठलाग करणारे होते, काही संशोधक, काही हौशी, काही वाहिन्यांचे. अनेकांनी दक्षिणेची वाट धरली आणि थोडक्यात सुटले.

शहरात शुक्रवार संध्याकाळची नेहमीची गर्दी होती, तिच्यात पळणाऱ्यांची भर पडली. आय-40 आणि आय-35 हे मोठे महामार्ग गाड्यांनी तुंबले. तुंबलेल्या रस्त्यावर निर्णय बदलायचीही सोय नसते. पुढची गाडी हलत नाही, मागे फिरता येत नाही, आणि अवतीभोवती दार उघडून शिरावे असे घरही नसते.

निष्पत्ती

सहा वाजून वीस मिनिटांनंतर थोड्याच वेळात टोर्नेडोने पथकाची गाडी गाठली. तिघेही गेले. एक हौशी पाठलाग करणाराही त्याच सुमारास गेला. एका वाहिनीची मोठी गाडी सुमारे 200 यार्ड, म्हणजे 180 मीटर फेकली गेली. आतली माणसे जखमी झाली, पण वाचली. त्यांनी पट्टे लावलेले होते.

मुख्य भोवऱ्याजवळ उलट्या दिशेने फिरणारा आणखी एक टोर्नेडोही तयार झाला होता. आग्नेयेची जागा सुरक्षित मानणाऱ्यांनी ही नोंद लक्षात ठेवावी. ती जागा इतर दोन जागांपेक्षा बरी, एवढेच.

पुढे टोर्नेडोने आय-40 ओलांडला आणि 6.43 वाजता विरला. थंड हवेने पूर्ण वेढा घातला, दमट हवेचा पुरवठा तुटला आणि भोवरा ढगाच्या मुख्य झोतापासून सुटला. शहराची दाट वस्ती तिथून फार लांब नव्हती. तो तसाच पूर्वेला चालत राहिला असता, तर तुंबलेल्या महामार्गावरच्या गाड्या त्याच्या वाटेत होत्या. त्या संध्याकाळचा सर्वांत मोठा धोका टळला तो भोवरा वेळेवर सुटला म्हणून, कोणाच्या नियोजनामुळे नाही.

ढग मात्र संपले नव्हते. त्यांनी रात्री ओक्लाहोमा सिटीवर इतका पाऊस टाकला की नाले आणि रस्ते एकाच पातळीला आले. पुरात 13 जण गेले, म्हणजे टोर्नेडोपेक्षा जास्त. त्यांतले काही जण टोर्नेडोच्या भीतीने पावसाळी नाल्याच्या मोरीत शिरले होते.

श्रेणीचा निर्णय

नंतर आणखी एक अवघड निर्णय आला, कागदावरचा. अमेरिकेत 2007 पासून टोर्नेडोंना ईएफ 0 ते ईएफ 5 अशी श्रेणी देतात. ती नुकसान पाहून ठरते: घराचे छप्पर गेले की भिंती गेल्या, झाड मोडले की सोलले गेले. त्यावरून वाऱ्याचा अंदाज बांधतात. ईएफ 3 म्हणजे ताशी 136 ते 165 मैल, ईएफ 5 म्हणजे 200 च्या वर.

एल रेनोला आधी ईएफ 3 मिळाली. रडारची मोजमापे हाती आल्यावर 4 जूनला ती ईएफ 5 झाली. ऑगस्टमध्ये पुन्हा ईएफ 3, कारण सर्वांत जोराचे भोवरे मोकळ्या शेतांवरून गेले होते आणि तिथे मोडण्यासारखे काही नव्हते. नियमाप्रमाणे हे बरोबरच आहे. नुकसानीवरची श्रेणी रडारने बदलायला लागलो, तर रडार नसलेल्या हजारो जुन्या नोंदींशी तुलना करता येणार नाही. पण श्रेणीचा आकडा वाचून वाऱ्याचा जोर समजला, असे मानणे चूक. 4.2 किलोमीटरचा आकडाही तसाच वाचायला हवा. तो रडारने मोजलेल्या वाऱ्याच्या पट्ट्यावरून आला आहे. फक्त मोडतोडीवरून मोजले असते तर रुंदी कमी आली असती.

काय वेगळे करता आले असते

मैदानावरच्या पथकांसाठी पहिला बदल अंतराच्या व्याख्येत हवा. अंतर केंद्रापासून किंवा सोंडेपासून मोजू नये, फिरत्या ढगाच्या तळाच्या कडेपासून मोजावे. सोंड बारीक असली तरी वरचा फिरता तळ तीन-चार किलोमीटरचा असेल, तर टोर्नेडो तेवढा होऊ शकतो, असे धरून जागा निवडावी.

दुसरा बदल माघारीच्या रस्त्याबद्दल. पुढे जाण्याआधी डांबरी आणि दक्षिणेला जाणारा एक रस्ता हाताशी असावा आणि तो कोणत्या मिनिटापर्यंत खुला राहील, हे आधी लिहून ठेवावे. आत शिरल्यावर हा हिशेब होत नाही. चालवणारा रस्त्यात गुंतलेला असतो, बाकीचे उपकरणांत.

तिसरा: पावसात टोर्नेडो दिसेनासा झाला तर तो आपल्याकडे वळला आहे असेच मानावे. दिसत नाही म्हणून थोडे पुढे जाऊन पाहणे, ही या कामातली सर्वांत महाग सवय आहे.

शहरासाठी मुद्दा शब्दांचा आहे. "जमिनीखाली नसाल तर वाचणार नाही" असा संदेश ऐकणाऱ्याला गाडीकडे ढकलतो. सर्वाधिक वारा टोर्नेडोच्या रुंदीपैकी थोड्याच भागावर, थोड्याच वेळासाठी असतो. म्हणून मजबूत घराच्या मधल्या खोलीत, डोक्यावर गादी किंवा हेल्मेट घेऊन बसलेल्यांपैकी बहुसंख्य वाचतात. पुलाखाली थांबणे गाडीत बसण्याइतकेच वाईट, कारण तिथे वारा अरुंद वाटेतून जास्त जोराने वाहतो आणि उडणारा मलबा तिथेच घुसतो. चाकांवरच्या किंवा हलक्या घरांत राहणाऱ्यांनी मात्र निघायलाच हवे. तेही शक्यतेची सूचना आल्यावर, साडेतीनला, जवळच्या पक्क्या इमारतीत. इशारा वाजल्यावर दुसऱ्या गावाकडे नव्हे.

मोरीत गेलेल्यांना दोष देता येत नाही. त्यांनी खाली जाण्याचा सल्ला पाळला होता. त्या रात्री टोर्नेडोचा आणि पुराचा, असे दोन्ही इशारे एकाच वेळी लागू होते. एक म्हणत होता खाली जा, दुसरा म्हणत होता सखल जागा सोडा. बहुतेक घरांत हे दोन्ही पाळता येईल अशी जागा एकच होती: तळमजल्यावरची, खिडकी नसलेली न्हाणी.